रात्रीचं दुखणं दिवसात शोधा

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की जवळजवळ मध्यावर आमची तामलवाडी लागते. टोलनाका, पोलीस ठाणं, रस्त्याकडेची हॉटेलं, पंक्चरची दुकानं आणि मागं शिवार. हा रस्ता रात्रीही जागाच असतो. नवरात्रात आणि कोजागिरीच्या सुमाराला सोलापूरकडून आई भवानीच्या दर्शनाला पायी निघालेल्या माणसांनी तो रात्रभर वाहतो. एरवी ट्रक असतात, ढाबे असतात. शेतीला रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात कर्ता माणूस बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो. घरातल्या मोठ्यांची रात्र अशी विस्कटलेली असली की लेकरांची रात्रही तिच्याबरोबर विस्कटते.

मी या भागात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. निवृत्त होऊन आता गावातच असते, आणि आयाबाया अजून लेकरं घेऊन ओट्यावर येतात. एकीचं म्हणणं असतं, "सिस्टर, रातभर झोपंना, नुसतं वळवळतंय." दुसरीचं असतं, "सिस्टर, सारखं पोट धरून बसतंय, जेवंना." पहिलीला मी विचारते, शी रोज होते का, मऊ होते का? दुसरीला विचारते, रात्री झोपतं किती वाजता? दोघींनाही प्रश्न चुकीच्या दारात आल्यासारखा वाटतो. झोपेचं विचारलं तर ही पोटाचं बोलते, पोटाचं विचारलं तर झोपेचं!

पण माझ्या कामात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच आहे. लहान मुलाचं पोट आणि त्याची झोप एकमेकांना धरून चालतात. पोट बिघडलं की झोप मोडते, झोप मोडली की पोट बिघडतं, आणि दोन्हीचं मूळ बहुतेक वेळा दिवसभराच्या खाण्यापिण्यात, शीच्या सवयीत आणि वेळापत्रकात असतं. मग रात्रीच्या रडण्यावर रात्रीच एखादी बाटली उघडून भागत नाही. ते दिवसात शोधावं लागतं.

पोटालाही रात्र होते

शरीराच्या पेशींना वेळ कळते. त्यांच्यातली काही जनुकं चोवीस तासांचा हिशोब ठेवतात. ही यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी संशोधकांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. मेंदूतलं मुख्य घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून वेळ जुळवतं. यकृत आणि आतड्यांची घड्याळं मात्र जेवणाच्या वेळेलाही फार मानतात. रोज रात्री साडेदहाला जेवण पोटात पडत असेल, तर डोळे सांगतात रात्र झाली आणि आतडी समजतात अजून कामाची वेळ आहे. या ओढाताणीत झोप कच्ची राहते.

रात्री मोठं आतडं मंद होतं, म्हणून निरोगी मूल झोपेत शीला उठत नाही. सकाळी जाग आली की ते हलू लागतं आणि पोटात काही पडलं की त्याचा जोर वाढतो. नाष्ट्यानंतर शी लागते ती यामुळे. जठर संध्याकाळनंतर सकाळपेक्षा सावकाश रिकामं होतं. झोपेत लाळ कमी सुटते आणि गिळणंही फार थोडं होतं. जागेपणी अन्ननलिकेत थोडं आंबट वर आलं तर आपण ते लाळेबरोबर खाली लोटतो. झोपेत ते तिथंच राहतं आणि जळजळ करतं. सहा वर्षांच्या मुलाला 'छातीत जळजळतंय' असं सांगता येत नाही. ते उठून बसतं, खोकतं, पाणी मागतं, आईला चिकटतं.

पोट आणि मेंदू यांच्यामध्ये व्हेगस नावाची मोठी नस आहे. तिच्यातले बहुतेक तंतू पोटाकडची खबर मेंदूला पोहोचवतात, मेंदूचा हुकूम खाली नेणारे त्या मानानं थोडे. म्हणून पोटातली अस्वस्थता झोपेत पोहोचायला वेळ लागत नाही. सेरोटोनिन नावाचं रसायन शरीरात जेवढं असतं त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास आतड्यांत असतं. हे वाक्य सांगून हल्ली झोपेच्या पावडरी विकल्या जातात. आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, ही दुसरी अर्धी बाजू मात्र विकणारे सांगत नाहीत. लेकरासाठी असली महाग पावडर घेऊ नका.

तान्ह्याचं संध्याकाळचं रडणं

पहिलटकरणीची सगळ्यात मोठी भीती म्हणजे दिवेलागणीला सुरू होणारं रडणं. बाळ पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, लालभडक होतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल यांनी १९५४ मध्ये याची एक सोपी खूण ठरवली : दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि असं तीन आठवड्यांहून जास्त चाललेलं रडणं, तेही वजन नीट वाढणाऱ्या, एरवी निरोगी बाळाचं. हे रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, दीड महिन्याच्या आसपास कळसाला जातं आणि तीन-चार महिन्यांचं होईतो बहुतेक बाळांचं आपोआप ओसरतं.

नेमक्या याच काळात बाळाच्या शरीरात रात्र आणि दिवस वेगळे व्हायला लागतात. झोपेचं मेलाटोनिन हे द्रव्य बाळाचं शरीर पहिले दोन-तीन महिने रात्री-दिवसाच्या ठेक्यात बनवत नाही. तोवर ते आईकडून मिळतं. आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं. पोटदुखीचं रडणं ओसरण्याचा आणि झोपेचा ठेका बसण्याचा काळ एकच असल्यामुळे काही संशोधक या दोन्हींचा संबंध जोडतात. आईनं यातून घ्यायचं ते इतकंच : रात्री अंगावर पाजताना ट्यूबलाईट लावू नका, हातात मोबाइल घेऊ नका, गप्पा नकोत. दिवसा खिडकी उघडी ठेवा, घरातले आवाज होऊ द्या. बाळाला रात्र कशी असते ते रोज दाखवावं लागतं.

दूध काढणं हा दुसरा घोर. जठराच्या तोंडाचा स्नायू अजून कच्चा असतो, म्हणून दूध वर येतं. चौथ्या महिन्याच्या सुमाराला ते सर्वात जास्त येतं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्याशी उभं धरावं, ढेकर काढावा आणि झोपवताना पाठीवरच झोपवावं. वजन वाढत असेल, बाळ खेळतं असेल, तर औषध लागत नाही.

बाळ महिनोन्‌महिने झोपत नसेल, शीत रक्ताचे धागे दिसत असतील, अंगावर चट्टे येत असतील, तर मात्र वरच्या दुधाकडे पाहावं लागतं. ब्रुसेल्सचे डॉ. आंद्रे कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून काही वर्षं अशा बाळांवर अभ्यास केला. कारण न सापडता जागणाऱ्या काही बाळांचं गाईचं दूध बंद केलं तेव्हा ती झोपू लागली. पुन्हा दिलं तेव्हा झोप पुन्हा मोडली. आमच्याकडे दूध म्हशीचं, पण दोन्हींतली प्रथिनं इतकी सारखी की गाईचं सोसत नसेल त्याला म्हशीचंही सहसा सोसत नाही. मात्र प्रत्येक रडणाऱ्या बाळाला दुधाची ॲलर्जी नसते. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वाढत्या लेकराचं दूध तोडणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढून घेणं. आणि पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध दिलं, तर हा पेच बहुतेक घरांत पडतच नाही.

गुटी, अफू आणि बाटली

पोट आणि झोप यांचं नातं आपल्या आज्यांना ठाऊक होतं. बाळगुटीची पुरचुंडी सोडून पाहा. मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, हिरडा हे पोटासाठी आणि त्यांच्याच शेजारी जायफळ झोपेसाठी. एकाच सहाणेवर दोन्हीचे वेढे. त्यांचं निरीक्षण खरं होतं. पण सहाण धुतलेली असेलच असं नाही, आणि जायफळाचे वेढे जास्त झाले तर लहान जिवाला गुंगी चढते. बाळ गप्प झालं म्हणजे बरं झालं असं होत नाही. म्हणून सहा महिन्यांच्या आत गुटी नको, हे मी घरोघर सांगत आले.

याच नात्याची एक काळी बाजूही महाराष्ट्रानं पाहिली आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत बायका दिवसभर कामावर असत आणि बाळ घरी चाळीत. ते भुकेनं, पोटदुखीनं रडू नये म्हणून त्याला बाळागोळी देत. त्या गोळीत अफू असे. गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करणाऱ्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी १९२२ मध्ये लिहून ठेवलं की ही रीत त्या वस्तीत जवळजवळ सरसकट होती. अफू मेंदूला गुंगी आणते आणि आतड्यांचं हलणंही मंद करते, कारण तिला पकडणाऱ्या जागा मेंदूत आहेत तशा आतड्याच्या भिंतीतही आहेत. म्हणून बाळ रडायचंही थांबे आणि त्याची शीही थांबे. ते दूध ओढत नसे, वाळत जाई. त्या आयांना मी दोष देत नाही. पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती, चूल पेटवायची होती. आज ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याच जिल्ह्यातल्या आया पहाटेच्या काळोखात फडाकडे निघतात आणि लेकरू कोपीत ठेवतात. त्यांच्यापुढची अडचण फार बदललेली नाही.

बाळागोळी गेली, पण झोपवणारी बाटली गेली नाही. ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी काढलं. जुन्या काळी त्यात मद्यार्कही असे. आताच्या बाटल्यांत तो नसतो, पण त्यानं रडणं थांबतं याचा चांगला पुरावाही नाही. त्याहून मोठा धोका सर्दीच्या औषधाचा आहे. "ते पाजलं की शांत झोपतंय" म्हणून सर्दी नसतानाही ते देणारी घरं मला माहीत आहेत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन ही दोन औषधं एकत्र असलेली सर्दीची मिश्रणं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. बाटलीवरचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर आशाताईंना दाखवा.

रात्री बाहेर येणारे जंत

आता थोड्या मोठ्या मुलांकडे. रात्री झोपल्यावर तासाभरात मूल चुळबुळ करायला लागतं, ढुंगण खाजवतं, रडत उठतं. मुलगी असेल तर लघवीच्या जागी आग होते म्हणते. दिवसा काहीच नसतं. अशा वेळी सुतासारखे पांढरे, बारीक जंत मनात आणावेत. त्यांची मादी रात्रीच गुदद्वाराबाहेर येते आणि कातडीवर हजारो अंडी घालते. त्यानं खाज सुटते. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, सकाळी ते हात तोंडात जातात आणि चक्र पुन्हा सुरू. एकाच गोधडीत तीन भावंडं झोपली की तिघांनाही होतात.

बॅटरी घेऊन रात्री बघितलं तर हे जंत डोळ्यांना दिसतात. औषध एका मुलाला देऊन भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी डॉक्टर सांगतील तसं पुन्हा. नखं कापायची, रात्री चड्डी घालून झोपवायचं, सकाळी उठल्या उठल्या ढुंगण धुऊन चड्डी बदलायची, चादरी उन्हात टाकायच्या. दात खाणं म्हणजे जंतच, असं आपल्याकडे धरून चालतात. ते दर वेळी खरं नसतं, पण खाज मात्र सहसा खोटं बोलत नाही.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात. दोन वर्षांवरच्या मुलाला ४०० मिलिग्रॅमची पूर्ण, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून. ही गोळी मुख्यतः मातीतून येणाऱ्या जंतांसाठी आहे, आणि त्यातला अंकुशकृमी झोपेच्या दृष्टीनं महत्त्वाचा. तो अनवाणी पायांतून शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. रक्त कमी, लोह कमी. लोह कमी असलेल्या मुलाचे पाय रात्री स्वस्थ राहत नाहीत. "पाय दाबून दे", "पाय वळतायत" म्हणत मूल पाय झाडतं. आई समजते दिवसभर खेळून दमलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. दहातली जवळजवळ सात लेकरं! यातल्या किती जणांच्या रात्री लोहाअभावी मोडतात, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

लोहाचं सरबत अंगणवाडीतून, आशाताईंकडून मिळतं. शी काळी होते म्हणून आया ते बंद करतात. शी काळी होणारच, त्यात भिण्यासारखं काही नाही. कधी शी घट्ट होते, त्यावर पाणी आणि पालेभाजी वाढवायची. आणि चहा बंद करायचा. आमच्याकडे दोन वर्षांचं पोरही बशीत चहा-बटर खातं, तेही संध्याकाळी. चहातलं कॅफिन झोप उडवतं आणि त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. एका बशीत दोन्हीकडून नुकसान.

कोंडलेली शी, ओलं अंथरूण

मला भेटलेल्या पोटाच्या तक्रारींत सर्वात दुर्लक्षित कुठली, तर बद्धकोष्ठ. एकदा शी कडक झाली, जागा चिरली, दुखलं, की मूल शी धरून ठेवायला शिकतं. ते टाचा उचलून, पाय आवळून कोपऱ्यात उभं राहतं. घरचे समजतात जोर करतंय. खरं तर ते आत ढकलत असतं. आत राहिलेली शी आणखी वाळते, मोठी होते, आतडं ताणलं जातं आणि मग शी लागल्याची जाणीवच बोथट होते. कडेनं पातळ झिरपून चड्डीला डाग पडतात आणि आई जुलाबाचं औषध मागायला येते!

रात्री याचे दोन परिणाम होतात. पोट टम्म असल्यानं मूल शांत झोपत नाही, आणि भरलेलं आतडं पुढच्या मूत्राशयावर दाबतं, त्यामुळे अंथरूण ओलं होतं. कॅनडातल्या माँट्रियलचे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. शॉन ओ'रेगन यांनी १९८० च्या दशकात, स्वतःच्या मुलाच्या अंथरूण ओलं करण्यापासून सुरुवात करून, हे नातं दाखवलं. अशा पुष्कळ मुलांचं आतडं शीनं तुंबलेलं असतं आणि ते साफ केलं की अंथरूण कोरडं राहू लागतं. म्हणून अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला मारू नका, पाहुण्यांसमोर सांगू नका. त्याची शी बघा.

मुलं शी का धरतात? शाळेच्या शौचालयाला पाणी नसतं, कडी नसते, वास असतो. मुली तर सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुसरं कारण सकाळची घाई. आमच्या गावातून सोलापूरच्या शाळांना जाणारी मुलं अंधारात उठतात, अर्धा कप दूध ढोसतात आणि गाडीत बसतात. आतडं जागं होऊन हाक देतं तेव्हा मूल गाडीत असतं. रोज हाक चुकली की आतडं हाक मारणं कमी करतं.

महाराष्ट्रात याची दुसरी बाजू, म्हणजे झोप, सरकारपर्यंत पोहोचली. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला, असं सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागानं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. चर्चा झाली ती झोपेची आणि गाड्यांच्या फेऱ्यांची. मला त्यात आणखी एक लाभ दिसला : नाष्टा आणि शी यांना सकाळची अर्धी घटका मिळाली. ज्या शाळा अजून लवकर भरतात, तिथल्या पालकांनी सभेत हा मुद्दा मांडावा. शौचालयाच्या कडीचा मुद्दाही त्याच सभेत मांडावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

साडेदहाचं जेवण

बाप हॉटेलात, टोलवर किंवा गाडीवर कामाला असला की दहा-साडेदहाला येतो. "बापाबरोबर जेवू दे" म्हणून लेकराला जागं ठेवतात. तोवर भूक मारायला पाच रुपयांचे पुडे आणि हातात मोबाइल. मग डुलक्या घेत भाकर-आमटी आणि लगेच आडवं. सकाळी भूक नाही, डबा परत, दुपारी पोटात दुखतंय. हे चक्र मी किती घरांत पाहिलं असेल!

माझा आग्रह असा : लेकराला सातला जेवू घाला, जेवण आणि झोप यांत दोन तास तरी जाऊ द्या. बाप आला की लेकरू त्याच्या मांडीवर बसू दे, दिवसभराचं सांगू दे. प्रेम वाटून घ्यायला दुसरं जेवण लागत नाही. आणि बाप रोज झोपल्यावरच येत असेल, तर सकाळचा नाष्टा दोघांचा एकत्र करा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्याला दुपारच्या डुलकीसकट दहा ते तेरा. सहाला उठणारं दुसरीतलं मूल रात्री नऊच्या आत झोपलं तरच हा हिशोब बसतो.

तपासणीत न सापडणारी पोटदुखी

काही मुलांच्या पोटदुखीत रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं ठीक येतं. मग घरात "नाटक करतंय" ही पाटी त्याला चिकटते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली आणि नोरा नेश यांनी १९५८ मध्ये ब्रिस्टलच्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली. दहातल्या साधारण एका मुलाला वारंवार पोटदुखी होती आणि बहुतेकांत कुठलाही शारीरिक आजार सापडला नाही. तरी दुखणं खरं होतं. आतड्यातल्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात आणि साधा वायू किंवा साधं हलणंही त्यांना दुखरं लागतं.

अपुरी झोप हा हळवेपणा वाढवते. झोप कमी झालेल्या माणसाला तेवढंच दुखणं जास्त जाणवतं, हे मोठ्यांवर झालेल्या प्रयोगांतही दिसलं आहे. परीक्षेच्या, भांडणाच्या, घरातल्या आजारपणाच्या दिवसांत मूल कमी झोपतं आणि सकाळी बेंबीभोवती दुखतं म्हणतं. त्याच्यावर विश्वास ठेवा, शाळेला पाठवत राहा आणि झोपेची वेळ पाळा. काही आठवड्यांत फरक दिसू लागतो.

ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांशी मला इथं वेगळं बोलायचं आहे. या मुलांत झोपेच्या आणि पोटाच्या तक्रारी इतर मुलांपेक्षा जास्त असतात आणि बहुधा दोन्ही एकत्र असतात. ज्याला शब्द नाहीत ते मूल पोटात दुखलं की रात्री किंचाळतं, डोकं आपटतं, टेबलाच्या कडेवर पोट दाबून झुकतं. त्याला त्याच्या स्वभावात टाकून मोकळं होऊ नका. बद्धकोष्ठ आहे का, आंबट वर येतं का, हे डॉक्टरांना आग्रहानं तपासायला लावा. तो तुमचा हक्क आहे.

केव्हा थांबायचं नाही

पोटदुखीनं मूल गाढ झोपेतून वारंवार उठत असेल, वजन घटत असेल, शीत रक्त असेल, उलटी हिरवी होत असेल, ताप हटत नसेल, दुखणं बेंबीपासून दूर, उजवीकडे खाली सरकत असेल, तर घरगुती काही करत बसू नका. तुळजापूरचं उपजिल्हा रुग्णालय आहे, सोलापूरचं सिव्हिल आहे, तडक जा. मूल रोज रात्री घोरत असेल, तोंड उघडं टाकून, श्वास अडकत झोपत असेल, तर टॉन्सिल दाखवा. अशा मुलांत आंबट वर येण्याचा त्रासही जास्त दिसतो.

बाकीच्यांसाठी मी एक वही सुचवते. आठवडाभर रोज चार ओळी : शेवटचा घास किती वाजता, झोप किती वाजता, रात्री किती वेळा उठलं, शी केव्हा आणि कशी झाली. चहा, पुडे, मोबाइल यांची खूण शेजारी. शाळेतली मोठी बहीणही हे लिहू शकते. आठवडा संपला की ज्या रात्री मोडल्या त्यांच्या आदल्या दिवसाची ओळ वाचा. बहुतेक घरांत कारण तिथं लिहिलेलं सापडतं. सापडलं नाही तर तीच वही डॉक्टरांपुढं ठेवा. "झोपंना" आणि "जेवंना" या दोन शब्दांपेक्षा ती त्यांना किती तरी जास्त सांगते.

मग एका वेळी एकच बदल करा. पहिल्या आठवड्यात चहा बंद. पुढं जेवण सातला. पुढं नाष्ट्यानंतर दहा मिनिटं शीला बसवणं, पायाखाली पाट किंवा वीट देऊन, न रागावता. ज्वारीची भाकर, मेथी, शेपू, तांदुळजा, पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका आणि भरपूर पाणी. यातलं काहीच आपल्या शिवाराबाहेरचं नाही. जुनं बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांनी दिलेलं शी मऊ करणारं औषध मध्येच तोडू नका. ताणलेलं आतडं मूळपदावर यायला महिने लागतात.

आपल्या गावांत लेकराची झोप ही आईची एकटीची जबाबदारी धरली जाते. ती तशी नाही. बापाच्या परतण्याची वेळ, शाळेच्या घंटेची वेळ, शौचालयातलं पाणी, अंगणवाडीतलं लोहाचं सरबत, दुकानात हाताशी टांगलेले पुडे, या सगळ्यांतून त्याची रात्र ठरते. त्या सगळ्यांनी मिळून ती राखली पाहिजे. रात्रभर नीट झोपलेलं आणि सकाळी पोट साफ झालेलं मूल वर्गात शिकतं, मैदानात पळतं, ताटातलं संपवतं. त्याच्या हक्काचं हे एवढं तरी आपण त्याला दिलंच पाहिजे.